वाहणारा वारा, लागणारा वारा

हिवाळ्यात मुंबई बंदरात वाऱ्याच्या वेळा ठरलेल्या असतात. पहाटेपासून दहा-साडेदहापर्यंत मतलई : उरण-करंज्याच्या बाजूने, जमिनीवरून येणारा, गार, कोरडा आणि हलका. मग तास-दीड तास काहीच नाही. घारापुरीला जाणाऱ्या लाँचींनी उठवलेल्या लाटा सोडल्या तर पाणी सपाट. बाराच्या पुढे पश्चिमेकडून दर्यावरचा खारा वारा शिरतो, दुपार चढते तसा वायव्येकडे सरकतो आणि तीन-चारच्या सुमारास दहा-बारा नॉट, चांगल्या दिवशी पंधरा नॉटपर्यंत जातो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. शिडाची छोटी होडी शिकायला याहून बरा वारा मागून मिळणार नाही.

अडचण एकच. हा वारा समुद्रावरून निघतो, पण आमच्यापर्यंत समुद्रावरून येत नाही. आम्ही असतो गेटवेसमोर, म्हणजे शहराच्या पूर्वेच्या पाण्यात. वारा येतो पश्चिमेकडून. मधे कुलाब्याची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर कफ परेडचे टॉवर, दाटीवाटीच्या चार-पाच मजली इमारती, १९०३ सालचं ताज आणि त्याला लागून नंतर उभा राहिलेला मनोरा. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जो वारा सलग अंगावर येतो, तोच अपोलो बंदरावर तुकड्यातुकड्यांनी उतरतो. इमारतीच्या आडोशाला वारा पडतो, गल्लीच्या तोंडाशी एकदम जोर धरतो, आणि गेटवेच्या मोकळ्या पटांगणासमोर दोन-चार मिनिटं सभ्यपणे वागून पुन्हा विसकटतो.

मी या तुकड्यांत शिडाची होडी चालवायला शिकवते. राहते लालबागला. अनंत चतुर्दशी उलटून पाऊस पुरता गेला की आमचा हंगाम सुरू होतो आणि मे संपायच्या आत होड्या वर काढून झाकून ठेवल्या जातात. शिकायला येणाऱ्यांत सगळे असतात : दक्षिण मुंबईतल्या शाळांची मुलं, परळच्या हॉस्पिटलांतले तरुण डॉक्टर, दादरचे निवृत्त गृहस्थ, सुट्टीच्या दिवशी डोंबिवलीहून येणारे इंजिनिअर. मुंबईत हा खेळ जुना आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्याच पाण्यात झाल्या. फायरबॉल वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिलं, तर एंटरप्राइज वर्गात पाकिस्तानच्या बैराम आणि गोशपी आवारी या नवरा-बायकोने. पण सामान्य मराठी माणसाला हे पाणी दिसायला लागलं ते बहुधा ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीमुळे. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकट्याने निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून मे २०१० मध्ये परत आले. त्यानंतर अभिलाष टोमी न थांबता तीच फेरी करून आले. माझ्याकडे येणारे अनेकजण मनात ते चित्र घेऊन येतात : मोठा समुद्र, मोठा वारा, झुकलेली होडी.

मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते की दक्षिण महासागरातला वारा भयंकर असेल, पण तो हजारो किलोमीटर पाण्यावरून आलेला असतो. आपला वारा जिने, गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या ओलांडून आलेला आहे. तिथे ताकद लागते, इथे हिशेब लागतो. आणि हा हिशेब सगळ्यात जास्त नडतो तो वाऱ्यावर चढताना.

वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची कोणतीच होडी जात नाही. तिरपं जावं लागतं. वारा साधारण ४५ अंश डावीकडे ठेवून काही अंतर, मग टॅक घेऊन, म्हणजे होडीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवून, तो तेवढाच उजवीकडे ठेवून. वायव्य वाऱ्यात आमचं एक तिरपं ताजकडे, पश्चिमेला जातं आणि दुसरं गोदीतल्या क्रेनच्या रोखाने, उत्तरेला. पश्चिमेला फार गेलं की आडोसा लागतो, उत्तरेला फार गेलं की नौदलाच्या गोदीची हद्द. या दोन भिंतींमध्ये नागमोडी काढत वर चढायचं.

आता हिशेब. होडीत बसलेल्या माणसाला जो वारा लागतो तो वाहणारा वारा नव्हे. त्यात होडीच्या चालीने निर्माण केलेला वारा मिसळलेला असतो. हे फळ्यावर बाण काढून समजावता येतं, पण मी मध्य रेल्वेची लोकल वापरते. करी रोडला गाडी उभी असते तेव्हा सीएसएमटीकडे तोंड करून दारात उभं राहिलेल्याच्या उजव्या कानावर पश्चिमेचा वारा येतो. गाडी सुटली की तो गालावर सरकतो आणि वेग घेतला की जवळजवळ नाकासमोर येतो. ब्रेक लागला की पुन्हा कानाकडे. पश्चिमेच्या वाऱ्याने यात काहीच केलेलं नाही. जे केलं ते गाडीने. आणि गाडीचा वेग तोच असताना पश्चिमेचा वारा एकदम वाढला, तरीही तो नाकापासून कानाकडे सरकणार. कमी झाला तर नाकासमोर येणार.

हेच आकड्यांत मांडू. आठ नॉटचा वारा, होडी त्याला ४५ अंशांवर, वेग चार नॉट. बसलेल्याला लागणारा वारा ११ नॉटचा असतो आणि तो नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, जेमतेम ३० अंशांवरून येतो. आता झोत आला, वारा बारा नॉट झाला. होडीला वेग घ्यायला वेळ लागतो, तोवर ती चार नॉटनेच जाते आहे. त्या क्षणी लागणारा वारा १५ नॉटचा होतो आणि ३४ अंशांवरून येतो. म्हणजे झोत नुसता जोर आणत नाही. तो दिशाही मागे सरकवतो, चार अंशांनी. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून जोर सुमारे १.८ पट. उलट वारा आठवरून पाचावर पडला, तर लागणारा वारा आठ नॉटचा आणि २५ अंशांवर : पाच अंश पुढे. वाहणाऱ्या वाऱ्याची दिशा या सगळ्यात केसभरही हललेली नाही.

नवशिक्याला झोताची भीती वाटते, कारण तो दिसतो आणि होडी झुकवतो. पण झोत दिसतो हीच त्याची चांगली बाजू आहे. आमच्या जेट्टीवर एक तांडेल आहेत, कुलाब्याच्या कोळीवाड्यातले. सुरक्षेसाठी सोबत असणारी इंजिनची बोट तेच चालवतात. मी नवीन होते तेव्हा डोलकाठीच्या टोकावरच्या झेंडीकडे मान वर करून बघत बसायचे. ते म्हणाले, “पोरी, वाऱ्याला बघायचा नाय. पाण्याला बघायचा.” पाण्यावर झोत म्हणजे गडद डाग. बारीक बारीक सुरकुत्यांनी पाण्याची चकाकी मोडते आणि तेवढा भाग काळसर होतो. दुपारी ऊन समोर, पश्चिमेला असतं, तेव्हा तो डाग शोधणं सोपं नसतं. टोपीची कड खाली ओढून, डोळे बारीक करून पाहावं लागतं. डागाची पुढची कड कशी आहे, तो सरळ आपल्याकडे येतोय की बाजूने जातोय, हे कळायला आठवडे जातात.

एक झोत जवळून सांगते. दोघांची होडी, मी पुढे शिडाच्या दोऱ्या सांभाळायला, टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर, परळची एक डॉक्टर मुलगी. होडी ताजकडे चाललेली. वाऱ्याकडच्या काठावर आम्ही दोघी, पाय पट्ट्यात अडकवलेले. डाग चार-पाच होड्यांच्या लांबीवर आला की मी म्हणते, “येतोय.” यावर तिने करायचं एवढंच की काठावरून अंग बाहेर टाकायला सुरुवात करायची. झोत लागल्यावर अंग बाहेर टाकणं म्हणजे उशीर. होडी आधीच कलंडलेली असते आणि वाकडी होडी सरळ करायला दुप्पट ताकद जाते. “येतोय, येतोय... आला.” आधी कानामागचे केस हलतात, मग शीड भरल्याचा ठोका होडीच्या बुडापर्यंत जाणवतो. त्याच क्षणी शिडाची मोठी दोरी वीतभर सैल, आणि टिलर बोटभर दूर ढकलायचा, म्हणजे नाळ वाऱ्याकडे वळते. ही वळण्याची जागा झोतानेच दिलेली असते. तेच ते चार अंश. होडी झुकण्याऐवजी पुढे सरते. दोन-तीन सेकंदांत तिने वेग घेतला की लागणारा वारा पुन्हा पुढे येऊ लागतो, तेव्हा सोडलेली वीतभर दोरी हळूहळू परत आत. झोत संपेपर्यंत आपण वाऱ्याकडे दोन-तीन होड्यांएवढे वर चढलेलो असतो. शेजारची होडी, जिने दोरी सोडली नाही, ती झुकते. सुकाणू जोर करून वाऱ्याकडे ओढतं, टिलरवरचा माणूस त्याच्याशी भांडतो आणि ते आडवं धरलेलं सुकाणू ब्रेकचं काम करतं. होडी पुढे कमी आणि बाजूला जास्त जाते.

हे सगळं मुलं लवकर शिकतात. ऑप्टिमिस्ट या पेटीवजा होडीत, लांबी २.३ मीटर, वजन ३५ किलो, एकच शीड, दहा-बारा वर्षांचं मूल आठवडाभरात झोतावर चढायला लागतं. त्याला अंश ठाऊक नसतात. मानेवर वारा लागला की काय करायचं ते हाताला कळतं. होडी इतकी हलकी की चुकीची शिक्षा लगेच आणि बरोबरची बक्षिसीही लगेच.

मोठ्यांना जड जातो तो झोत नव्हे, पडणारा वारा. त्याचा डाग नसतो. असला तर तो पाण्यावरचा एक चकचकीत, गुळगुळीत तुकडा असतो आणि आपण त्यात शिरल्यावरच लक्षात येतो. वारा पडतो, होडी मात्र आधीच्या वेगाने चाललेली असते. लागणारा वारा नाकासमोर येतो, शिडाची पुढची कड फडफडते, कडेजवळचे लोकरीचे धागे नाचायला लागतात. आणि चढताना पुढची कड फडफडली की नाळ वाऱ्यापासून दूर घ्यायची, हे तर आम्हीच शिकवलेलं असतं.

दादरचे एक गृहस्थ होते, आयुष्यभर बँकेत हिशेब तपासलेले. फार नियमित. फडफड दिसली की टिलर ओढायचे.

“मॅडम, वारा फिरला.”

“काका, वारा फिरला नाही. पडला.”

“पण शीड तर सांगतंय.”

“शिडाला दोन्ही सारखंच दिसतं. तुमच्या खालचा काठ काय सांगतोय?”

या प्रश्नावर ते थबकले. मी त्यांना पुढच्या वेळी शिडाकडे न बघता बसायला सांगितलं. वारा पडला की शिडाचा जोर जातो आणि आपण ज्या काठावर वजन टाकून बसलेलो असतो तो काठ आधी खाली जातो. पाणी पाठीला लागायला येतं. फडफड त्याच्याबरोबर किंवा किंचित मागून. वारा खरोखर फिरला असेल, तर जोर बराचसा टिकून असतो : फडफड आधी दिसते, काठ नंतर बसतो. एवढा फरक बसल्या जागी कळतो. जोर आधी गेला तर अंग आत घ्यायचं, टिलर आहे तिथे धरायचा आणि दोन-तीन श्वास थांबायचं. तेवढ्यात एक तर वारा परत येतो, नाही तर होडीचा वेग उतरतो; कुठल्याही प्रकाराने लागणारा वारा मागे, आपल्या जागी सरकतो. त्यानंतरही धागे नाचतच राहिले तर मात्र वारा फिरला असं धरायचं, आणि तेव्हा टॅक घेण्याचा विचार करायचा.

थांबलं नाही तर काय होतं, ते या बंदरात रोज दिसतं. वारा पडला, माणसाने घाबरून नाळ दूर घेतली. वर चढून कमावलेलं अंतर गेलं. वर होडी आता वाऱ्याला आडवी झाली आहे, दोरी मात्र घट्ट ओढलेली. अशात पुढच्या गल्लीतून निघालेला झोत येतो आणि सरळ शिडाच्या पोटात बसतो. उलटणाऱ्या होड्यांपैकी बऱ्याच झोताने उलटत नाहीत. झोताआधीच्या पोकळीत जे केलं जातं त्याने उलटतात.

होडीच्या वजनाप्रमाणे ही थांबण्याची मुदत बदलते. ऑप्टिमिस्टचा वेग दोन-तीन सेकंदांत मरतो. बुडाला शिशाची किंवा लोखंडाची कील असलेली जड बोट बराच वेळ सरकत राहते, त्यामुळे तिच्यात खोटी फडफडही लांबते. हलक्या होडीत तयार झालेली पोरं जड बोटीवर आली की घाई करतात, जड बोटीवरची माणसं हलक्या होडीत आळस करतात.

या हिशेबात तिसरी रक्कम आहे, आणि ती मुंबईच्या माणसाने तरी विसरू नये : पाणी स्वतः चालतं. उधाणाला इथे भरती साडेचार मीटरच्या आसपास चढते. एवढं पाणी बंदरात शिरतं आणि सहा तासांनी निघतं. गेटवेसमोर भरतीचं पाणी ढोबळमानाने उत्तरेकडे आणि सुकतीचं दक्षिणेकडे वाहतं. समजा दहा नॉटचा वायव्य वारा आहे आणि पाणी दोन नॉटने चाललंय. सुकतीला पाणी होडीला दक्षिणेकडे नेतं, म्हणून होडीसाठी वारा पावणेनऊ नॉटच उरतो आणि नऊ अंश पश्चिमेकडे सरकतो. भरतीला पाणी होडीला वाऱ्याच्या तोंडाकडे ढकलतं. तोच वारा साडेअकरा नॉट होतो आणि सात अंश उत्तरेकडे सरकतो. जेट्टीवरच्या झेंड्याला या सोळा अंशांचा पत्ताही नसतो. दुपारी तीनला भरती आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच वेळेला सुकती, असं असलं की नवशिके म्हणतात, मागच्या शनिवारी होडी झरझर चढत होती, आज काय झालं? शनिवार तोच, वारा तोच. पाणी उलटं आहे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, हा फरक मवाळ होतो. अमावास्या-पौर्णिमेला तो सगळ्या हिशेबावर बसतो. म्हणून माझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथीला खूण असते, वाराला नाही.

तांडेलांच्या वडिलांनी शिडावर मासेमारी केली. इंजिनं आली ती नंतर. त्यांना या सगळ्या अंशांची गरज फारशी पडली नाही, कारण ते शक्यतो वाऱ्यावर चढतच नसत. पहाटे मतलईवर बाहेर पडायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी. पाण्यालाही तसंच धरायचं : सुकतीबरोबर बाहेर, भरतीबरोबर आत. जुन्या तिरक्या परबाणाच्या शिडाला टॅक घेणं म्हणजे मोठा खटाटोप. परबाण, म्हणजे शीड बांधलेलं लांब लाकूड, डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यायचं, तेही हलत्या होडीवर. त्यापेक्षा वेळ साधणं शहाणपणाचं. मला यात कमीपणा दिसत नाही. वाऱ्याचं वेळापत्रक ज्याला पाठ आहे त्याला वाऱ्याशी भांडावं लागत नाही. आम्ही भांडतो, कारण शर्यतीतला पहिला बोया मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर टाकलेला असतो.

काही हंगाम मी गिरगाव चौपाटीसमोरही शिकवलं. तिथलं पाणी पश्चिमेचं, त्यामुळे वारा स्वच्छ मिळेल असं वाटतं. पण वायव्येला मलबार हिल उभी आहे, सुमारे ५० मीटर उंच, वर इमारती. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतरापर्यंत वारा विस्कटलेला राहतो असा आमचा ढोबळ नियम, म्हणजे चौपाटीपासून बराच भाग आलाच. किनाऱ्याजवळ शीड लोंबतं, थोडं पुढे गेलं की टेकडीवरून उतरलेला झोत वरून पाण्यावर आपटतो आणि पंख्यासारखा सगळीकडे पसरतो. अशा झोताच्या डाव्या कडेला वारा एका दिशेचा, उजव्या कडेला दुसऱ्याच. इथे जोराबरोबर खरी दिशाही बदलते, आणि लागणारा वारा त्यात आपली भर घालतो. वाहणारा किती आणि आपण केलेला किती, हे वेगळं काढायचा उत्तम सराव चौपाटीवर होतो. मात्र होडी उलटली तर वाळूवरच्या भेळवाल्यापासून नाना-नानी पार्कातल्या आजोबांपर्यंत सगळे बघतात, याची मनाची तयारी करून घ्यावी.

झोत मुळात होतो कसा, हे मी लालबागला राहून जास्त शिकले. जमिनीलगतचा वारा घासून मंद झालेला असतो, वरचा जोरात असतो. ऊन तापलं की हवा वर-खाली घुसळते आणि वरचा वेगवान वारा मधेमधे खाली येतो. गिरण्यांच्या जागेवर टॉवर झाले तसे हे आमच्या गल्ल्यांत बाराही महिने व्हायला लागलं. उंच भिंतीवर आपटलेला वरचा वारा पायथ्याशी येतो आणि कोपऱ्यावरून सुसाट निघतो. गणपतीच्या दिवसांत मंडपाचं कापड बांधणारे कामगार हे जाणतात. टॉवरच्या कोपऱ्याकडच्या कमानीच्या फलकाला ते चंद्रकोरीसारखे काप देतात, वारा निघून जावा म्हणून; गल्लीच्या आतल्या फलकाला देत नाहीत. वारा कुठून उतरणार हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पुस्तकांत मात्र एक गोष्ट असते : उत्तर गोलार्धात झोत साधारणपणे किंचित उजवीकडे फिरून येतो, कारण वरच्या वाऱ्यावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम अधिक दिसतो. तेव्हा वारा उजव्या अंगाला घेऊन चढणाऱ्याला झोतात फायदा. मी हे सांगते आणि लगेच सांगते की या बंदरात त्यावर पैज लावू नका. आपण १९ अंश अक्षांशावर, जिथे तो परिणाम क्षीण असतो. आणि एका मनोऱ्याने केलेली मोडतोड त्याच्या कित्येक पट. मोकळ्या पाण्यात, मिडल ग्राउंड बेटाच्या पलीकडे गेल्यावर तो नियम कधीतरी डोकावतो. दुपारभराचा मोठा फेर मात्र भरवशाचा : पश्चिमेकडून वायव्येकडे. झोतांच्या गोंधळात हा मंद फेर हरवतो, आणि शर्यती बऱ्याचदा त्यावरच ठरतात.

म्हणून शिकवताना मी एक गोष्ट पहिल्या महिन्यात देत नाही : डोलकाठीच्या टोकाला बसवतात ती वाऱ्याची सुई. पालक विचारतात, मुलं हट्ट करतात, काही सहकाऱ्यांनाही माझं पटत नाही. उपकरण असताना वापरू का नये? माझं म्हणणं असं की सुई खोटं बोलत नाही, पण ती फक्त बेरीज दाखवते. वाहता वारा, होडीचा वेग, पाण्याची चाल, सगळं मिळून एक दिशा. सुई पाच अंश पुढे गेली, याचा अर्थ वारा फिरला की पडला की आपणच जोरात निघालो, हे तिला ठाऊक नसतं. तिच्याकडे बघणारा माणूस तिचं ऐकून टिलर हलवतो आणि कारण शोधत नाही. त्याऐवजी मी किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायला लावते. ताजचा घुमट आणि त्याच्या मागची एखादी इमारत एका रेषेत. गोदीतली एक क्रेन आणि मागचा धुरकट डोंगर. नाळ कुठे रोखलेली आहे हे जमिनीवर पक्कं झालं की वाऱ्याने काय केलं आणि आपण काय केलं हे निराळं करता येतं. काठ सांगतो जोर गेला की राहिला. पाण्याचा रंग सांगतो पुढे काय येतंय. बोयाला बांधलेल्या दोरीवरचं शेवाळ कुठल्या बाजूला ताणलंय त्यावरून पाणी कळतं. चार ठिकाणांहून चार आकडे मिळाले की बेरीज आपली आपल्याला करता येते.

हिशेब तपासणाऱ्या काकांना हे सगळ्यात आधी पटलं. महिनाअखेरीस मी सुई आणून दिली, तर त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, “मॅडम, ही लावल्यावर तुम्ही चूक कोणाची धरणार, माझी का हिची?” मी म्हटलं, पहिल्या दोन वेळा तुमचीच. ते हसले, आणि त्यांनी ती डोलकाठीवर बसवली.